धुरीचा मान

ढग आधी मनुआत्यांना दिसले. त्या म्हसवडच्या. माणदेशात ढग म्हणजे पाहुणा, तोही बहुधा दारावरूनच परत जाणारा, त्यामुळे ढग दिसला की त्यांचा चेहरा उजळायचा. आज उजळला नाही. बेदाण्याच्या शेडबाहेर उभं राहून, डोळ्यांवर आडवा हात धरून त्यांनी दक्षिणेकडे पाहिलं आणि भावाला हाक मारली, "नाथा, बाहीर ये. हे लक्षण काय बरं न्हाई."

आत राजनंदिनी रॅकवरचा माल हाताने चाळवत होती. आत्यांचा आवाज ऐकला आणि तिने हातातला घड खाली ठेवला. तिला भीती ढगाची नव्हती. ढगामागून या घरात काय येतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. ढगामागून धुरी येते.

द्राक्षं अर्धी वाळलेली असताना नुसती दमट हवा लागली तरी बुरशी धरते. मग गंधक जाळून धूर द्यायचा. बुरशीही टळते आणि मालाला पिवळाधमक रंगही चढतो. तिच्या सासऱ्यांची, नाथाजीआबांची पद्धत सोपी होती. रॅक प्लास्टिकच्या कागदाने झाकायचा, खाली घमेल्यात गंधक पेटवायचा, रात्रभर धूर मुरू द्यायचा आणि सकाळी कागद उचलून उरलेला सगळा धूर वाऱ्याच्या हवाली करायचा. वारा तो कुठे नेतो, याची चौकशी इतक्या वर्षांत कोणी केली नव्हती. करायची गरजही नव्हती. शेडपासून हाकेच्या अंतरावर यांचंच घर होतं.

आणि वरून रीत अशी की हंगामातली पहिली धुरी घरच्या धाकट्या सुनेने पेटवायची. घमेल्याला हळदकुंकू लावायचं, पाच द्राक्षं वाहायची, गंधकाला काडी लावायची आणि धूर उठेपर्यंत हात जोडून तिथेच बसायचं. एकदा पेटवली की धुरी मोडायची नाही, म्हणजे मध्येच विझवायची नाही, कागद उचलायचा नाही. आधी हा मान सासूबाईंचा, शालूबाईंचा होता. मग वाईहून राजनंदिनी सून म्हणून आली आणि तो तिच्याकडे आला. धाकट्या दिराचं, वीरधवलचं लग्न झाल्यावर संयोगिताकडे गेला. मान खाली घालून घ्यावा लागतो तो हा मान, असं राजनंदिनी एकदा नवऱ्याला म्हणाली होती. शंभूराज तेव्हा सीमेवरून फोनवर हसला होता. लांब असलेल्या माणसाला हसायला सोपं जातं.

गेल्या वर्षी संयोगिताने पहिली धुरी पेटवली आणि दिवस मावळायच्या आत तिचे ओठ निळे पडले. मिरजेला नेलं, नळी लावली. डॉक्टरांनी दम्याचं नाव घेतलं, घराने थंडीचं. भावकीत सगळीकडे हेच सांगितलं गेलं की पोरीला थंडी बाधली. यंदा तिला सातवा महिना होता. डॉक्टरांनी या खेपेला वीरधवलला समोर बसवून बजावलं होतं की हा धूर तिच्यासाठी विष समजा, आणि पोटातल्याला तर आपण विचारायलाही जाऊ शकत नाही.

म्हणून ती खोली. शेडच्या पलीकडच्या टोकाला राजनंदिनीने हट्टाने उभी करून घेतलेली, चारी बाजूंनी बंद. कूपवाडला पत्र्याची कामं करणाऱ्या नईमने ती बांधली होती. गंधक बाहेर लोखंडी पेटीत जळायचा, धूर नळीने आत जायचा आणि आतच कोंडून राहायचा. कुठूनच गळत नाही म्हणून गंधकही निम्माच लागायचा. माल मुरला की पंखा तो धूर ओढून चुन्याच्या पाण्याच्या टाकीतून बुडबुड्यांनी बाहेर काढायचा. गंधक चुन्यात अडकायचा आणि बाहेर यायची ती नुसती दमट हवा. पहिल्या दिवशी नईमने त्या हवेत स्वतःचं तोंड धरून दाखवलं होतं. "बघा वहिनी, डोळ्याला पाणी सुद्धा नाही."

आबांनी त्या खोलीतला मूठभर बेदाणा उन्हात धरून पाहिला, दाताखाली चावला आणि निकाल दिला होता, "आजारी दिसतुय."

आता आबा शेडच्या दारात उभे होते. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. ढगाकडेही त्यांनी शत्रूकडे पाहावं तसं पाहिलं.

"वीरू, कागद काढा. चारी रॅक झाका. आन घरातनं संयोगिताला बोलवा."

"आबा, खोली आहे की," राजनंदिनी पुढे झाली.

"खोलीत एका टायमाला एकाच रॅकचा माल बसतुय, वहिनी," वीरधवल म्हणाला. तो कागदाची गुंडाळी आधीच ओढत होता. "चार रॅक म्हणजे चार दिवस. पाऊस काय आपल्यासाठी चार दिवस थांबणार हाय का?"

"म्हणून तर छाटणीच्या वेळी सांगत होते, भाऊजी. बाग चार तुकड्यांत छाटा, आठ-आठ दिवसांच्या अंतरानं. मग माल चार वेळेला आला असता, आणि एक खोली पुरली असती. तुम्ही हो म्हणालात आणि सगळी बाग एका दमात छाटलीत."

"मजूर एकदाच गावलं हुतं."

"खोली बांधताना माझ्या बाजूनं कोण बोललं होतं? तुम्हीच ना?"

वीरधवलने वर पाहिलं नाही. तेव्हा तो खरंच वहिनीच्या बाजूचा होता. बायकोच्या उशाशी बसून आलेला नवरा होता तो. आता वर्षभराचा घास तोंडाशी आला होता आणि डोक्यावर ढग होता. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी त्याची गत झाली होती. राजनंदिनीला त्याचा राग आला आणि कीवही आली.

"माझं ऐका," ती आबांकडे वळली. "सगळ्यात ओला माल चौथ्या रॅकचा. तो आत्ता खोलीत घेऊ. बाकी तिन्हीला बाजूचे पडदे सोडू, पंखे लावू, धूर नको. काळपट पडेल, पण टिकेल."

"काळा?" आबा असे वळले जणू तिने शिवी दिली. "नाथाजीचा बेदाणा काळा? तासगावच्या सौद्यात पेटी उघडायच्या आत लोक म्हणत्यात, ह्यो त्यांचा माल. आन मी काळा घिऊन जाऊ? वाईच्या घाटावर असलं चालत आसंल, पोरी. हितं न्हाई चालत."

वाईचा घाट निघाला की वाद संपला असं घरात समजलं जायचं. राजनंदिनी गप्प होणार, तेवढ्यात मनुआत्या आत आल्या आणि रिकाम्या क्रेटवर बसल्या. आबांनी थोरल्या बहिणीला आठवडाभर आधीच मुद्दाम बोलावून घेतलं होतं. सुनेची नवी थेरं हाताबाहेर चालली आहेत, तर आपल्या बाजूचं एक वजनदार माणूस घरात असावं, एवढा साधा हिशेब. आत्यांनी आजवर भावाचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. गेल्या वर्षी "थंडी बाधली" हे गावभर सांगणाऱ्याही त्याच होत्या.

"आक्का, तूच सांग हिला," आबा म्हणाले.

"सांगते. संयोगिता काय धुरी पेटवायची न्हाई."

"बरं, आवघडलेली हाय पोर. थोरली पेटवंल."

"थोरली बी न्हाई. कुणीच न्हाई." आत्यांनी पदराने तोंड पुसलं. "नाथा, शालू कशानं गेली रं?"

  सासूबाईंबद्दल या घरात फोटोला हार घालण्यापलीकडे कोणी बोलत नसे.

"हार्टनं. समद्यांना ठावं हाय."

"समद्यांना आपुन सांगितलं ते ठावं हाय. शेवटाला तिच्या उशाशी मी हुते, तू सौद्याला गेला हुतास. दोन पावलं टाकली की भिंत धरायची ती. मला म्हणायची, वन्सं, छातीवर कुणी पाटा ठेवल्यागत वाटतंय. आन जाताना डोळं उघाडलं तर काय इचारलं माहीत हाय? पोरांचं नाव न्हाई. तुझं न्हाई. म्हणाली, 'बेदाणा पिवळा पडला का?'"

"आक्का."

"मी व्हय म्हणाले. पडला गं, लय झ्याक पडलाय. तवाशी तिनं डोळं मिटलं."

आबांचा चेहरा उतरला. हात उगाचच रॅकच्या लोखंडी पट्टीवरून फिरू लागला. "म्हणजे माझ्या बायकोला मी मारलं, असं म्हणतीस?"

"मी कुठं म्हणते? म्या बी तोंड शिवूनच बसले की इतकी वर्सं. तू रागावशील म्हणून न्हाई बोलले. आता ह्या पोरीकडं बघून झोप लागंना, म्हणून बोलते."

राजनंदिनीला त्या क्षणी सासऱ्याचं सगळं कोडं उलगडलं. खोलीला त्यांचा विरोध रंगासाठी नव्हता, निदान नुसता रंगासाठी नव्हता. धुराशिवाय धंदा चालतो हे एकदा कबूल केलं की मग शालूबाईंचं काय, हा प्रश्न दारात उभा राहणार होता. म्हातारा त्या प्रश्नाला भीत होता. ढगाला, बुरशीला, सौद्यातल्या लोकांच्या तोंडाला तो जितका भीत होता, त्याहून जास्त.

"आबा," ती हळू म्हणाली, "तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं. आता आहे."

ते काही बोलणार होते.  पण त्याआधीच तिच्या नाकाला तो वास झोंबला. एकदम शेकडो काड्या ओढाव्यात तसा, घशाच्या तळाशी जाऊन बसणारा.

"भाऊजी कुठं आहेत?"

वीरधवल शेडच्या दुसऱ्या अंगाला होता. पहिले दोन रॅक झाकलेले होते आणि कागदाखालून निळसर उजेड हलत होता. त्याने स्वतःच काडी लावली होती. हळदकुंकू नाही, द्राक्षं नाही, काही नाही.

"तुमचं मिटायची वाट बघत बसलो असतो तर माल गेला असता," तो म्हणाला. त्याच्या आवाजातच जीव नव्हता. "संयोगिता घरात हाय, लांब हाय. दार लावून घ्यायला सांगितलंय मी. सकाळपतुर कागद उचलत न्हाई, मग काय हुतंय?"

काय होतं ते सांगायला ढग थांबला नाही. दक्षिणेकडून वावटळ उठली. अंगणातला पाचोळा गरगरला, शेडचे पत्रे धडधडले आणि पहिल्या रॅकवरचा कागद एका टोकाने सुटून वर उडाला. वीरधवलने झेप घेऊन तो धरला, तर दुसरं टोक फाटलं. आतून पांढरट धूर बाहेर पडला. तो वर गेला नाही. दमट हवेने त्याला जमिनीलगत दाबून धरलं आणि वाऱ्याने घराच्या दिशेने ढकललं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो अंगण ओलांडून उंबऱ्याकडे निघाला.

"दार लावलंय ना तिनं?" मनुआत्या ओरडल्या.

दार लावलं होतं. पण फाल्गुनाच्या उकाड्यात, पोटात सात महिन्यांचं बाळ असताना, खिडकी कोण लावून घेतं? राजनंदिनीने इथूनच पाहिलं, खिडकीचा पडदा आत उडत होता.

ती धावली. पदर पिंपातल्या पाण्यात बुडवून तोंडाला गुंडाळायचं तेवढं तिला सुचलं. अंगणात डोळे उघडे ठेवता येईनात. घशात निखारा ठेवल्यासारखं झालं आणि एकच विचार डोक्यात घुमत राहिला, हिला काही झालं तर, पोटातल्याला काही झालं तर. देवाचं नावही धड आठवेना.

संयोगिता पलंगाच्या कडेवर बसली होती. दोन्ही हात गादीत रुतलेले, खांदे वर-खाली होत होते, तोंड उघडं, आणि आवाज काहीच नाही. ओरडायलाही हवा लागते. तिच्या डोळ्यांत जी भीती होती, ती राजनंदिनीने जन्मात कधी पाहिली नव्हती.

"पंप? पंप कुठं आहे तुझा?"

संयोगिताने मानेनेच उशी दाखवली. उशीखालून दम्याचा पंप काढून राजनंदिनीने तो तिच्या तोंडात धरला, दाबला, पुन्हा दाबला. मग तिला काखेत धरून मागच्या दाराने बाहेर काढलं, धुराकडे पाठ करून, वाऱ्याच्या आडव्या अंगाला, विहिरीच्या बाजूला. पावलापावलाला संयोगिता थांबत होती. एक हात जावेच्या खांद्यावर, एक पोटावर.

"हलतंय का?" राजनंदिनीने विचारलं.

संयोगिताने पोटावरचा हात आणखी दाबून धरला.

विहिरीवरून तिने मागे पाहिलं आणि ते दृश्य तिच्या कायमचं लक्षात राहिलं. धुरी मोडायची नाही, असं सांगत आलेले आबा त्याच धुरात उतरले होते. डोक्यावर ओलं पोतं, हातात मातीची पाटी. फाटक्या कागदाखाली वाकून त्यांनी पहिलं घमेलं ओल्या मातीने बुजवलं, मग दुसऱ्या रॅककडे गेले. वीरधवल "आबा, बाहीर या, आबा!" म्हणून ओरडत त्यांच्या मागे गेला आणि खोकत माघारी आला. म्हातारा मात्र दुसरं घमेलं हातांनी चाचपून, मातीखाली गाडूनच बाहेर पडला. डोळे लालभडक, वाट दिसत नव्हती. मनुआत्यांनी दंडाला धरून त्यांना उजेडात आणलं.

"पोर?" एवढाच शब्द त्यांच्या तोंडून फुटला.

"जीप काढा, भाऊजी!" विहिरीवरून राजनंदिनीचा आवाज आला. "आधी जीप काढा!"

मिरजेच्या वाटेवर पावसाचे चार टपोरे थेंब काचेवर पडले. मग तेही थांबले. ढग आला तसा पुढे उत्तरेकडे निघून गेला आणि मागे लख्ख ऊन पडलं. ज्याच्या भीतीने हे सगळं केलं तो पाऊस पडलाच नाही. जीप चालवता चालवता वीरधवल रडत होता, आणि कोणी त्याला गप्प केलं नाही.

दवाखान्यात संयोगिताला आत नेलं. बाहेरच्या बाकावर चौघं बसली. आबांना डॉक्टरांनी तपासून घ्या म्हटलं, त्यांनी नुसता हात हलवला.  मनुआत्यांनी म्हसवडच्या सिद्धनाथाला काय काय नवस कबूल केले असतील ते त्यांनाच ठाऊक. राजनंदिनी दाराच्या काचेकडे पाहत होती. गेल्या वर्षी याच बाकावर बसून आपणही गप्पच राहिलो होतो, हे तिला आठवत होतं.

बऱ्याच वेळाने नर्स आली. बाळाचे ठोके नीट आहेत, आईचा श्वास सुधारतो आहे, पण आजची रात्र इथेच, आणि एकेकानेच भेटा, असं सांगून गेली. वीरधवल उठला आणि पुन्हा खाली बसला. त्याला बायकोसमोर जाण्याचं धैर्य होईना.

"आबा, तुम्ही चला," राजनंदिनी म्हणाली. का म्हणाली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती त्यांच्यासोबत दारापर्यंत गेली.

संयोगिताच्या तोंडावर मास्क होता. सासरे दिसताच तिने सुई टोचलेल्या हाताने पदर डोक्यावर ओढायची धडपड केली. मग मास्क बाजूला सारला. शेडमध्ये आत्या काय बोलल्या होत्या, त्यातलं एक अक्षर तिने ऐकलेलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर अजून भीतीच होती, पण ती निराळी. आपल्यापायी हंगाम बुडाला, आता घर आपल्याला काय म्हणेल, ही भीती.

"आबा," तिने धापा टाकत विचारलं, "बेदाणा पिवळा पडला का?"

 आबा जागच्या जागी थिजले. त्यांनी पलंगाचा लोखंडी गज धरला. 

"न्हाई, पोरी," ते शेवटी म्हणाले. "न्हाई पडला. काळा पडू दे. समदा काळा पडू दे. तू ते इचारू नगं. या घरात आता कुणीच ते इचारायचं न्हाई."

संयोगिताला काही कळलं नाही. ती नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली. घसरलेला मास्क नीट बसवावा म्हणून आबांनी हात पुढे केला. सुनेच्या चेहऱ्याजवळ हा हात आजवर कधी गेला नव्हता. बोटं जवळ आली आणि संयोगिताने झटकन मान वळवली. तिला जोराची उबळ आली. त्या बोटांना गंधकाचा वास होता.

आबांनी हात मागे घेतला आणि पाठीशी लपवला. नर्स धावत आली, तसे ते बाहेर पडले.

राजनंदिनीने त्यांना शोधलं तेव्हा ते दवाखान्याच्या आवारातल्या नळावर होते. कुठून तरी साबणाचा तुकडा मिळवला होता आणि कोपरापर्यंत हात चोळत होते. धुवायचे, नाकाशी न्यायचे, पुन्हा धुवायचे. कातडी लाल झाली होती. ती जवळ जाऊन उभी राहिली तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"राजनंदिनी," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की आधी तिला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय. "ते तुझं चुन्याचं पाणी. ते हाताचा वास काढतं का गं?"

 नळाची धार बारीक झाली होती. तिने तोटी पूर्ण फिरवली आणि सासऱ्याचे हात धुऊन होईपर्यंत ती तिथेच थांबली.